खेळातला हिरा आणि खडीतला हिरा

‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळात जमिनीखाली खोलवर सापडणारा निळसर हिरा आणि गोदावरीच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत ज्याच्यासाठी अनेक शतके माती उपसली, धुतली आणि पाखडली गेली तो खरा हिरा, या दोहोंची तुलना हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्या प्रदेशाच्या अंगाने ही तुलना करायची त्या तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात हिऱ्याची नावाजलेली खाण नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे; मात्र पैनगंगा ओलांडली की माहूर लागते, माहूरच्या उत्तरेला कळंब आहे आणि पूर्वेला वैनगंगेपलीकडे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, वैरागड आहे, आणि कळंब व वैरागड या दोन्ही ठिकाणांची नावे मध्ययुगीन फारसी ग्रंथांत हिऱ्याच्या खाणींसाठीच नोंदलेली आहेत. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते, आणि राजुऱ्याच्या डोंगरातला माणिकगड मोगलांच्या कागदपत्रांत वऱ्हाड सुभ्यातील एका ‘सरकार’चे, म्हणजे महसुली विभागाचे, ठाणे म्हणून येतो. त्यामुळे आज ज्याला राज्याची सीमा म्हणतात ती रेषा या इतिहासाच्या दृष्टीने फारच अलीकडची आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यांनी २००९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली, १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण आवृत्ती निघाली, आणि २०२३ मध्ये त्याच्या विकल्या गेलेल्या प्रतींनी ३० कोटींचा आकडा ओलांडल्याचे कंपनीने जाहीर केले. खेळातील सारे जग एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या ठोकळ्यांचे बनलेले असते; माती, वाळू, खडी, दगड, कोळसा, लोखंड, सोने हे सगळे ठोकळेच, आणि खेळाडूने टिकावाने ठोकळा फोडला की त्यातली वस्तू त्याच्या पिशवीत येते. लढाई, शेती, घरबांधणी असे कितीतरी उद्योग त्यात असले तरी खाणकाम हा त्याचा कणा आहे, आणि खाणकामाचे बक्षीस म्हणजे हिरा.

हा हिरा मिळण्याचे नियम काटेकोर आहेत. तो जमिनीच्या वरच्या भागात कधीच सापडत नाही. समुद्रसपाटीच्या बरेच खाली, १६ व्या पातळीपासून तो मिळू लागतो आणि उणे ६४ या तळाच्या पातळीकडे जावे तसे त्याचे प्रमाण वाढते. लाकडाच्या किंवा दगडाच्या टिकावाने हिऱ्याचा ठोकळा फोडला तर हाती काहीच लागत नाही. त्यासाठी लोखंडाचे टिकाव लागते, म्हणजे खेळाडूला आधी लोखंड शोधून ते भट्टीत वितळवावे लागते. शिवाय नैसर्गिक गुहेच्या भिंतीत, हवेला उघड्या पडलेल्या जागी, हिऱ्याचे ठोकळे मुद्दाम कमी ठेवलेले असतात, म्हणजे नुसते गुहेत फिरून भागत नाही, घन खडकात बोगदा खणावाच लागतो. खोली, अवजार आणि श्रम या तीन अटींतून खेळाने हिऱ्याला दुर्मीळ केले आहे, आणि त्या तिन्ही अटी रचनाकारांनी आकड्यांत लिहून ठेवलेल्या आहेत.

आकडे माणसाने लिहिलेले असल्यामुळे ते माणसाला बदलताही येतात. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी आलेल्या आवृत्तीने जगाचा तळ ६४ ठोकळ्यांनी खाली नेला आणि हिऱ्याची वाटणी नव्याने केली. अनेक वर्षे ‘तळापासून अमुक थरावर खणा’ असा जो ठोकताळा जगभरच्या खेळाडूंना पाठ होता, तो एका दिवसात निकामी झाला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, ‘नेदराइट’ नावाचा काल्पनिक धातू खेळात आणला गेला आणि सर्वांत टिकाऊ अवजाराचा मान हिऱ्याकडून त्याच्याकडे गेला. यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की या खेळातील प्रत्येक जग एका संख्येपासून तयार होते, तिला खेळाच्या परिभाषेत ‘सीड’ म्हणतात; तीच संख्या आणि तीच आवृत्ती घेतली की तेच डोंगर, त्याच नद्या आणि त्याच जागी तेच हिरे पुन्हा उभे राहतात. जग सुरू होण्याआधीच त्याचा प्रत्येक हिरा ठरलेला असतो, आणि ज्याला ती संख्या ठाऊक आहे त्याला खणण्याआधीच जागा दाखवून देणारी साधनेही उपलब्ध आहेत.

खऱ्या हिऱ्याची जन्मकथा खोलीच्या बाबतीत खेळाशी जुळते, पण प्रमाणाचे अंतर प्रचंड आहे. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, आणि कार्बनचे अणू हिऱ्याच्या घट्ट रचनेत बांधले जाण्यासाठी लागणारा दाब आणि उष्णता भूपृष्ठाखाली साधारण १५० ते २०० किलोमीटरवर, प्राचीन खंडांच्या जाड मुळांत आढळते. खेळातला तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १२६ मीटरवर संपतो. खऱ्या हिऱ्याचे घर त्याच्या हजार पटींहून खोल आहे आणि तिथवर कोणतेही टिकाव पोचलेले नाही. तिथून हिरा वर येतो तो ‘किंबरलाइट’ किंवा ‘लँप्रोइट’ या ज्वालामुखीय खडकांच्या वेगवान उद्रेकाबरोबर. हे खडक गाजराच्या आकाराच्या उभ्या नळीसारखे जमिनीत रुतलेले असतात. आंध्र प्रदेशातील अनंतपूर भागात वज्रकरूरला अशा नळ्या आहेत आणि त्यांचे वय सुमारे ११० कोटी वर्षे मोजले गेले आहे. कोळसा दाबला की हिरा होतो ही शाळेतून पसरलेली समजूत येथे दूर करायला हवी: बेल्लमपल्ली आणि मंचेरियालच्या खाणींत सिंगरेणी कंपनी जो कोळसा काढत आली तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे, आणि बहुतेक हिरे तर जमिनीवर वनस्पती उगवण्याच्या कितीतरी आधी घडलेले आहेत. खेळातही कोळसा वरच्या थरांत आणि हिरा खालच्या थरांत ठेवलेला आहे, आणि क्रमापुरते ते योग्यच आहे.

आदिलाबादच्या जमिनीचे थर खेळातल्या थरांइतके सरळ नाहीत, परंतु त्यांची गोष्ट अधिक रंजक आहे. सर्वांत खाली अतिप्राचीन नाइस आणि ग्रॅनाइट, त्यांवर ज्यांना भूवैज्ञानिक ‘पैनगंगा गट’ म्हणतात ते चुनखडीचे आणि शेलचे थर, त्यातच मँगनीजही. पूर्वेकडे गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात कोळशाचे गोंडवन खडक, ज्यांच्यावरच्या थरांत यामनपल्ली गावाजवळ ‘कोटासॉरस’ या प्रचंड प्राण्याची हाडे मिळाली. आणि या सगळ्यावर पश्चिमेकडून पसरत आलेला, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, ज्याची झीज होऊन या जिल्ह्यातली कापसाची काळी जमीन तयार झाली. दख्खनच्या या काळ्या दगडात हिरा असण्याचे कारण नाही, कारण ज्या लाव्ह्यातून तो घडला तो हिरे वर आणणाऱ्या उद्रेकांच्या जातीचा नव्हे. हिऱ्याचा शोध घ्यायचा तो त्याच्याखालच्या किंवा त्याच्या कडेबाहेरच्या जुन्या भूमीत, आणि वैरागड नेमके तशा जुन्या भूमीवर आहे.

येथेच खेळ आणि वास्तव यांच्यातला सर्वांत मोठा फरक दिसतो. किंबरलाइट हा तसा मऊ खडक. ऊन-पावसाने तो लवकर झिजतो, त्यातला हिरा मात्र झिजत नाही आणि वजनाने वाळूपेक्षा जड असल्यामुळे प्रवाहाच्या वळणावर, खडकाच्या खाचेत, गोट्यांच्या आणि खडीच्या थरात अडकून राहतो. अशी खडी पुढे घट्ट होऊन तिचा खडकही बनतो आणि त्याला ‘काँग्लोमरेट’ म्हणतात. कर्नूलजवळच्या बनगनपल्लीचा काँग्लोमरेट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दख्खनमध्ये दोन हजार वर्षे जे हिरे निघाले ते जवळजवळ सगळे अशा खडीतून, गोट्यांतून आणि लॅटेराइटसारख्या जांभ्या थरांतून, काही फूट खोल खड्ड्यांत मिळाले. वैरागडच्या खाणीही तशाच उथळ खड्ड्यांच्या होत्या. उलट ‘माइनक्राफ्ट’मध्ये खडी हा सर्वांत निरुपयोगी ठोकळा आहे; तो फोडला तर कधीमधी गारगोटीचा एक तुकडा हाती येतो, हिरा कधीच नाही. म्हणजे ज्या जागी दख्खनचा खाणकरी जन्मभर वाकून बसला, नेमकी तीच जागा खेळाने रिकामी ठेवली आहे, आणि उघड्यावर पडलेला हिरा खेळात मुद्दाम कमी केला असताना निसर्गात तो उघडा पडल्याशिवाय माणसाच्या हातीच येत नव्हता.

प्राचीन ग्रंथांतील उल्लेख पाहता या प्रदेशाचे नाव फार जुने आहे, पण ते उल्लेख सावधपणे वाचावे लागतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिऱ्याच्या उगमस्थानांची यादी आहे आणि तीत वेणा नदीच्या तीरावरचा हिरा शुद्ध, कोसलचा शिरीषाच्या फुलासारखा, सौराष्ट्राचा तांबूस आणि शूर्पारकाचा काळा असे वर्णन येते. ही वेणा म्हणजे वैनगंगा की कृष्णा, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, आणि ते बंदर होते. खाण आणि बाजारपेठ यांची गल्लत त्या काळापासून चालत आली आहे असे या यादीवरून दिसते, आणि पुढे गोवळकोंड्याच्या बाबतीत तर ती जगभर रूढ झाली. गोवळकोंडा हा किल्ला आणि बाजार होता, त्याच्या तटाखाली हिरे निघत नव्हते. ते कृष्णेच्या खोऱ्यातल्या कोल्लूरसारख्या गावांहून तिथे येत.

मध्ययुगात उल्लेख अधिक नेमके होतात. फारसी इतिहासकार फिरिश्ता याच्या ग्रंथानुसार बहमनी सुलतान अहमदशहाने १४२५-२६ च्या सुमारास माहूरवर स्वारी केली आणि त्याच मोहिमेत गोंडवनाच्या ताब्यातले कळंब आणि तिथली हिऱ्याची खाण घेतली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांद्याच्या बाबजी या गोंड राजाचा उल्लेख केला आहे, एक हजार घोडदळ आणि चाळीस हजार पायदळ असलेल्या या राजाकडे वैरागड होते, तिथे हिऱ्याची खाण होती, नक्षीदार कापड विणले जाई, आणि हे ठाणे त्याने दुसऱ्या एका सरदाराकडून नुकतेच हिसकावून घेतले होते. अबुल फजलच्या या एका वाक्यात खाणीच्या इतिहासाचे सूत्र आहे: हिऱ्याबरोबर तिची मालकी कुणाकडे हे सांगावेच लागते, आणि मालकी सांगितली की ती कुणाकडून काढून घेतली हेही ओघाने येते.

प्रत्यक्ष काम कसे चाले याची वैरागडची साक्ष फार तोकडी आहे, पण सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या झाँ-बातिस्त तावेर्निए याने कोल्लूरचे जे वर्णन केले आहे ते खडीतल्या खाणकामाचे म्हणून इथेही उपयोगी पडते. त्याच्या सांगण्यानुसार त्या खाणीचा शोधच भरडधान्य पेरण्यासाठी जमीन खणणाऱ्या एका गरीब माणसाला लागला. त्याच्या खणतीत सुमारे २५ कॅरटचा खडा निघाला. पुढे तिथे साठ हजार माणसे राबताना तावेर्निएने पाहिली. पुरुष दहा-चौदा फूट खोल खणत, पाणी लागले की थांबत; बायका आणि मुले माती वाहून नेऊन बुटक्या भिंतीने वेढलेल्या सपाट जागेत टाकत; तिच्यावर पाणी सोडून गाळ वाहू देत, उरलेला भाग उन्हात वाळवत, मग धान्य पाखडतात तसा सुपात घेऊन पाखडत, ढेकळे ठेचत, आणि शेवटी सगळे जण ओळीने बसून तो खडा-खडा हाताने निवडत. रावळकोंड्याच्या खाणीविषयी त्याने लिहिले आहे की कामात तरबेज असलेल्या माणसालाही वर्षाला तीनच होन मिळत, आणि एवढ्याशा मजुरीवर माणसे चोरीला प्रवृत्त होतात म्हणून पन्नास मजुरांमागे बारा ते पंधरा पहारेकरी ठेवलेले असत. एकाने तर हिरा डोळ्याच्या कोपऱ्यात दडवला होता. त्याच गावात दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले सकाळी झाडाखाली काटा आणि वजने घेऊन बसत, आलेला हिरा हातोहात फिरवून त्याची किंमत ठरवत, आणि संध्याकाळी नफा वाटून घेत. खेळ खेळणाऱ्या आजच्या मुलांच्या वयाचीच ही मुले होती. त्यांची नजर शिकलेली होती आणि जोखीम खरी होती.

खेळात जो ठोकळा फोडतो त्याचा हिरा. या साध्या नियमामुळे खेळाला एक सुखद न्याय लाभला आहे, आणि इतिहासात तो कुठेच आढळत नाही. १६२० च्या दशकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहणारा इंग्रज व्यापारी विल्यम मेथवोल्ड सांगतो की दहा कॅरटहून मोठा खडा सुलतानासाठी राखून ठेवावा लागे. खाण ठेक्याने दिलेली, मोठा खडा राजाचा, लहान खडा ठेकेदाराचा आणि मजुराला वर्षाचे होन, अशी ही उतरंड होती. मोठे हिरे बाजारात क्वचित दिसत याचे एक कारण निसर्ग होता; दुसरे कारण हा नियम होता, आणि दोन्हींचा परिणाम बाहेरून पाहणाऱ्याला एकसारखाच दिसतो. म्हणूनच असे म्हणावे लागते की खेळातल्या रचनाकाराची तुलना निसर्गाशी करणे तितकेसे बरोबर नाही. किती हिरे, कुणाला, कोणत्या अटीवर मिळावेत हे आधी ठरवणारा तो सुलतानाच्या खजिनदाराशी अधिक मिळताजुळता आहे, फरक एवढाच की त्याचे नियम सर्व खेळाडूंना सारखे लागू होतात. आजच्या आदिलाबादमध्ये हा प्रश्न कायद्याच्या भाषेत शिल्लक आहे: उटनूर, इंद्रवेल्लीसारखे भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या ‘समता’ निकालाने अविभाजित आंध्र प्रदेशातील अशा अनुसूचित क्षेत्रांत बिगर-आदिवासी व्यक्तींना आणि खासगी कंपन्यांना सरकारी जमिनीवर खाणपट्टे देणे बेकायदा ठरवले. तिथे टिकाव मारण्याआधी जमीन कुणाची हे विचारावे लागते, आणि ते रास्तही आहे.

दुर्मीळतेचा आणखी एक पैलू खेळाने पूर्णपणे वगळला आहे, तो म्हणजे हिऱ्या-हिऱ्यातला फरक. खेळातला प्रत्येक हिरा दुसऱ्यासारखाच. चौसष्ट हिरे एका खणात रचता येतात, नऊ हिरे जोडून एक घन ठोकळा करता येतो आणि तो मोडून पुन्हा नऊ हिरे मिळतात, काहीही घट न होता. खरा हिरा मात्र वजन, पाणी, रंग, डाग आणि पैलू यांनी एकमेवाद्वितीय असतो, आणि दोन लहान हिऱ्यांचा मिळून एक मोठा हिरा होत नाही. वराहमिहिराने हे गणितात मांडले आहे. त्याच्या हिशेबात २० तांदूळ वजनाच्या निर्दोष हिऱ्याची किंमत २ लाख नाणी. १८ तांदूळ वजनाला तिच्या तीन-चतुर्थांश, १० तांदूळ वजनाला पंचमांश, आणि २ तांदूळ वजनाला केवळ सहस्रांश, म्हणजे २०० नाणी. वजन दशांशावर आले की किंमत सहस्रांशावर, असे हे कोष्टक आहे, आणि त्यामागे रत्नपारख्यांचा दीर्घ अनुभव दिसतो. ज्या वस्तूची किंमत तिच्या वजनाच्या सरळ प्रमाणात नसते तिचा व्यापार तोलून होत नाही, डोळ्याने होतो. रावळकोंड्याच्या झाडाखालची मुले तेच शिकत होती. खेळात या कलेला जागाच नाही, आणि हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही, कारण खेळाला हिरा दागिना म्हणून नको आहे, अवजार म्हणून हवा आहे.

अवजार म्हणून हिरा, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खेळाने इथे इतिहासाचा एक खरा धागा पकडला आहे. खेळात तीन हिरे आणि दोन काड्या यांचे टिकाव होते, आणि ‘ऑब्सिडियन’ नावाचा कठीण काचखडक काढायला किमान तेच लागते. प्रत्यक्षात हिऱ्याचे टिकाव एका घावात फुटेल. कठीणपणा म्हणजे ओरखडा न उठणे, चिवटपणा म्हणजे घाव सोसणे, आणि हिऱ्यात पहिला गुण पराकोटीचा असला तरी ठराविक प्रतलांवर मारलेल्या घावाने तो सहज दुभंगतो, ज्याचा फायदा हिरे तोडणारे कारागीर घेतात. मात्र छिद्र पाडण्यासाठी, घासण्यासाठी आणि कापण्यासाठी हिऱ्याला तोड नाही. खंभातचे अकीक कारागीर मण्याला भोक पाडताना धनुकलीने फिरवल्या जाणाऱ्या सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवतात, आणि हे तंत्र भारतात दोन हजार वर्षांहून जुने आहे. ज्या अकीकाला ही भोके पाडली जातात तो दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत तयार होतो. म्हणजे एका भूमीतला दुर्मीळ खडा दुसऱ्या भूमीतल्या विपुल खड्याला भोक पाडत होता.

त्या पोकळ्यांचे प्रतिबिंबही खेळात आहे, आणि ते हिऱ्यापेक्षा कितीतरी अचूक आहे. जून २०२१ च्या आवृत्तीत जमिनीखाली गोल ‘जिओड’ आले, जिओड म्हणजे आतून स्फटिकांनी मढलेली खडकातली पोकळी. त्यांचे बाहेरचे कवच बेसॉल्टचे, मधला थर कॅल्साइटचा आणि आतला थर ॲमेथिस्टचा, म्हणजे जांभळ्या स्फटिकाचा. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात, त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातून गारगोटी, ॲमेथिस्ट, कॅल्साइट आणि झिओलाइट यांचे स्फटिक वाढतात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे उत्तम नमुने मांडलेले आहेत. थरांचा क्रम निसर्गात इतका ठरलेला नसतो. पण बेसॉल्ट बाहेर, स्फटिक आत ही मांडणी दख्खनला चपखल लागू पडते. ॲमेथिस्ट एके काळी माणिक आणि पाचूच्या पंक्तीत बसे. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये त्याचे प्रचंड साठे मिळाल्यावर त्याची किंमत कोसळली. खड्यात काहीही बदल झाला नव्हता.

हिऱ्यावरही तीच वेळ दोनदा आली होती. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत जगातला जवळजवळ सगळा हिरा भारतातून जाई. मग ब्राझीलचे हिरे आले, आणि १८६० च्या दशकाअखेर दक्षिण आफ्रिकेचे, जिथे खाणकरी प्रथमच किंबरलाइटच्या नळीत खोल उतरले आणि खेळातल्या बोगद्याशी मिळतेजुळते खाणकाम सुरू झाले. या वेळी किंमत कोसळू दिली गेली नाही, कारण १८८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘डी बीअर्स’ कंपनीने बाजारात किती हिरे सोडायचे हे आपल्या हाती ठेवले. दख्खनच्या खाणी तोवर थकल्या होत्या. याचा सर्वांत बोलका पुरावा हैदराबादच्या निजामाच्या तिजोरीतच होता: सहाव्या निजामाने १८९० च्या दशकारंभी घेतलेला, सातव्या निजामाने कागद दाबायला वापरलेला १८४.७५ कॅरटचा ‘जेकब’ हिरा गोवळकोंड्याचा नसून आफ्रिकेचा आहे. ज्या राजघराण्याच्या मुलखातून एके काळी युरोपचे मुकुट सजले, त्याला आपला सर्वांत मोठा हिरा परदेशातून विकत घ्यावा लागला. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले तेव्हा तो त्यात होता. १९५४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत दाब आणि उष्णता वापरून हिरा बनवला गेला, आणि आज सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे दागिन्यांसाठी तयार होतात. रसायनदृष्ट्या ते हिरेच आहेत, आणि त्यांची संख्या यंत्रे किती चालवायची यावर ठरते.

निसर्गातला हिरा शोधायचा तर ‘सीड’ कुणाच्याच हाती नाही. रायलसीमेत, कर्नूल आणि अनंतपूरच्या काही गावांत, पहिल्या पावसाने शेतातली माती धुतली की आजही लोक ओल्या रानात नजर खाली लावून चालतात, आणि कधी कुणाला खडा मिळतोही. पण किंबरलाइटची नळी अशा चालण्याने सापडत नाही. भूवैज्ञानिक त्यासाठी हिऱ्याचा नव्हे तर त्याच्या सोबत्यांचा माग काढतात. पायरोप नावाचा लालसर गार्नेट, हिरवा क्रोम-डायोप्साइड, काळे इल्मेनाइट ही खनिजे हिऱ्याबरोबर वर येतात, संख्येने हिऱ्यापेक्षा कितीतरी अधिक असतात आणि प्रवाहात लांबवर वाहत जातात. म्हणून ओढ्या-नाल्यांच्या पात्रांतून खडी-वाळूचे नमुने घेऊन ते चाळतात, थाळीत घोळवून जड कण वेगळे करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण तपासतात. ज्या नाल्यात हे कण वाढत जातात त्याच्या उगमाकडे सरकत राहावे लागते, आणि जिथे ते एकाएकी थांबतात तिथे खणायचे. या रीतीने मागच्या शतकाच्या अखेरीस छत्तीसगडमध्ये मैनपूर भागात बेहराडीह आणि पायलीखंड येथील नळ्या उजेडात आल्या, आणि वैरागड ज्या प्राचीन भूखंडावर आहे त्याच भूखंडाच्या ईशान्य भागात त्या आहेत.